आभार मानायचं ऱ्हायलं

आमच्या सोसायटीत कुठलाही कार्यक्रम मोहनने आभार मानल्याशिवाय संपत नसे. संपला असे वाटून माणसे चपला शोधू लागली की मागून आवाज यायचा, "मंडळी, थांबा! आभार मानायचं ऱ्हायलं!"

गणपतीत ते शोभून जायचे. मोहन शर्टाचे वरचे बटण लावून उभा राहायचा आणि मांडववाल्यापासून सुरुवात करायचा. मग लाइटवाला, मग "लाइट घालवली न्हाई म्हनून वीजवाल्यांचं बी." पण चव्हाणांच्या वडिलांच्या दहाव्याला एकदा माहुलीच्या घाटावर गेलो होतो. बराच वेळ तिष्ठत ठेवून पिंडाला एकदाचा कावळा शिवला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि मोहन पुढे झाला.

"कावळ्यांनी कामधाम सोडून येळ काढला, त्यांचं आभार."

चव्हाणांचे खांदे हलू लागले. ते रडत होते की हसत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

एकदा पार्किंगवरून कुलकर्णी आणि रिटायर सुभेदार जाधव यांची जुंपली. सगळी सोसायटी गॅलरीत. दमून दोघे थांबले तेव्हा खालून मोहन म्हणाला, "दोघं बी लय मनापास्नं भांडलासा. आभारी हाय."

"गड्या, तू आधी घरी जा बरं," जाधव ओरडले आणि स्वतःच हसत सुटले. भांडण तिथेच मिटले.

मोहन चव्वेचाळीस वर्षांचा. त्याच्या प्रमाणपत्रावर बौद्धिक अपंगत्व असे लिहिले आहे. पैशांचा हिशेब त्याला जमत नाही, ओळखीच्या रस्त्याबाहेर गेला की गोंधळतो. पण भात लावणे, कपडे धुणे, कोपऱ्यावरून दूध आणणे हे त्याच्या आईने चिकाटीने शिकवले होते. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागातली ती बाई, कशालाच लवकर हार जायची नाही. गेल्या हिवाळ्यात ती वारली.

धाकटा भाऊ राजेंद्र पुण्याला असतो. तो म्हणाला, "सांगलीकडं एक वसतिगृह बघितलंय." मोहनचे उत्तर एकच होते, "मी हितंच ऱ्हानार. माझं घर हाय."

अशा माणसांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाई येऊन दोन दिवस मोहनबरोबर राहिल्या. त्यांच्या मते तो आपल्या घरात नक्की राहू शकत होता. सकाळी कामाला बाई, तिचा पगार भाऊ देईल. संध्याकाळी मात्र शेजाऱ्यांपैकी कुणीतरी डोकावून जायला हवे. राजेंद्र तयार झाला. त्याची अट एवढीच, की सोसायटीने हो म्हणावे.

बैठक गच्चीवर भरली. मी खजिनदार, म्हणून मी हिशेब मांडला. सात घरे पुढे आली तर एका घराच्या वाट्याला आठवड्यातून एक संध्याकाळ, तीही दहा मिनिटे. आम्ही एकवीस बिऱ्हाडे आहोत.

"मोहन आमच्या घरचाच आहे हो," कुलकर्णीकाकू म्हणाल्या. "पण गॅस चालू राहिला तर?"

"विजेची शेगडी घेऊ," मी म्हणालो.

"आणि शॉक बसला तर?"

जाधव म्हणाले, "आवं, माझा तर जीव हाय त्याच्यावर. पन उद्या काय झालं तर पोलीस कुनाच्या दारात येत्याल?"

"आमची पोरगी लग्नाची..." चव्हाण म्हणाले आणि पुढे बोललेच नाहीत.

हात वर करायला सांगितले. माझ्या घराचा एक, तळमजल्यावरच्या शिंदेबाईंचा एक. 'नाही' कुणीच म्हणाले नाही. "बघू," असे ठरले. राजेंद्रने त्याचा अर्थ बरोबर घेतला.

माणसे उठू लागली. "मंडळी, थांबा!" मोहन जिन्याच्या दारात उभा होता. त्याने कुणालाही वगळले नाही. गॅसची काळजी केली म्हणून कुलकर्णीकाकू, जीव लावला म्हणून जाधवकाका, "चव्हाणकाका मधीच थांबलं, त्यांचं बी." संस्थेच्या बाई, शिंदेबाई, मी, खुर्च्या लावणारे. एरवी आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या दिवशी सगळे जिन्याकडे बघत उभे राहिले, आणि तो दारातून बाजूला झाल्यावर एकेक करून उतरले.

रविवारी राजेंद्र गाडी घेऊन आला. मी बॅग उचलायला गेलो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "मोहन, परवा तू सगळ्यांचे आभार मानलेस. राजेंद्र तेवढा राहिला की."

एवढेही कसे कळत नाही, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले.

"त्यो घरचा हाय, काका. घरच्या मानसाचं आभार मानत्यात व्हय? आईचं कवाच मानलं न्हाई मी."

जिना उतरताना मी आठवत राहिलो. मोहनने ज्याचे कधीच आभार मानले नाहीत असे आमच्यातले एकही माणूस मला आठवेना.

बॅग डिकीत ठेवली. मोहन पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि काच खाली केली.

"बॅग जड हुती," तो म्हणाला. "आभारी हाय, काका."