झटपटरावांची पाठ

"अहो, आधी मडगार्ड बसवा, मग जा," बायको इस्त्री उभी ठेवत म्हणाली.

"वेळ कुठाय? दहाला बोलावलंय हॉटेलच्या मॅडमनी!" झटपटराव एक चप्पल पायात, दुसरी हातात घेऊन ओरडले.

सायकलचं मागचं मडगार्ड माळ्यावर पडलं होतं. खडखडतं म्हणून त्यांनीच ते उपटून काढलं होतं. लाँड्रीचं नाव 'झटपट' आणि मालकाच्या पायाला भिंगरी, त्यामुळे त्यांचं खरं नाव लोक केव्हाच विसरून गेले होते. हा माणूस चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचा. पण आजची घाई वेगळी होती. घरोघरी कपडे धुण्याची यंत्रं आली होती, आणि लाँड्रीत आता इस्त्रीपुरते चार शर्ट येत. मोठ्या हॉटेलचं काम मिळालं तर दुकान तगणार होतं. नाहीतर शटर ओढून मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसावं लागणार. दिवसभर बसायचं!

हॉटेलनं नमुन्यादाखल सहा टेबलक्लॉथ धुवायला दिले होते. बायकोनं ते असे पांढरेशुभ्र काढले होते की बघणाऱ्यानं हात लावण्याआधी हात धुवावेत.

"गठ्ठा मागे कॅरिअरवर बांधा. प्लॅस्टिक गुंडाळलंय."

"आणि चाकाचा चिखल उडाला तर? छातीशीच बांधतो."

गठ्ठा छातीशी बांधला, तर रेनकोटची बटणं लागेनात. मग झटपटरावांनी रेनकोट उलटा घातला. गठ्ठा झाकला गेला, पाठ उघडी राहिली.

"अहो, मागून सगळं उघडं आहे!"

"पाऊस समोरून येतो गं!" म्हणत ते निघालेसुद्धा.

समोरून एक थेंब आला नाही. पाऊस थांबलाच होता. रस्त्यावर मात्र डबकी होती, आणि डबक्याला वळसा घालेल तो झटपटराव कसला! प्रत्येक डबक्यातून सायकल सरळ गेली. पाठीला गार लागत होतं. त्यांना वाटलं, घाम असेल.

हॉटेलच्या दारातला वॉचमन त्यांना पुढून-मागून बघून म्हणाला, "लाँड्रीवाले ना?"

"हो. कसं ओळखलंत?"

"रेनकोटाखालच्या गठ्ठ्यावरून. पाठ बघून कोण ओळखेल?"

झटपटरावांनी पाठीला हात लावला. बोटं काळी झाली. मान मोडेपर्यंत वळून त्यांनी दाराच्या काचेत पाहिलं, तर पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा! आता धुलाईचं काम मागायला याच पाठीनं आत जायचं होतं.

ओल्या चिखलाला हात लावायचा नसतो. आधी वाळू द्यायचा, मग ब्रश मारायचा. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगून त्यांची जीभ झिजली होती. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान! वाळेपर्यंत एका जागी उभं कोण राहणार? त्यांनी रुमाल ओला केला आणि पाठ खसाखसा पुसली. पट्ट्याचं तळं झालं.

मॅनेजर मॅडम खुर्च्यांच्या पाठीवरून बोट फिरवून धूळ तपासत होत्या. "तो रेनकोट बाहेर ठेवून या. गालिचा भिजतोय माझा."

रेनकोट गेला. झटपटराव पाठ भिंतीला लावून उभे राहिले.

"असे का उभे आहात?"

"कमरेत उसण भरलीय, मॅडम."

"मग बसा ना."

ते बसले, मागे टेकून. मॅडम खिडकीपाशी एकेक टेबलक्लॉथ उजेडात धरून बघू लागल्या. एखादा शांत माणूस तिथंच बसून राहिला असता आणि एकाच खुर्चीवर भागलं असतं. पण झटपटरावांचा जीव टांगणीला लागलेला. क्षणभरात ते उठले आणि पलीकडच्या खुर्चीत टेकले. तिथून तिसरीत. मग, मॅडमचा चेहरा दिसावा म्हणून, खेकड्यासारखे आडवे सरकत पडद्याला लागून उभे राहिले. एक पडदा झाला, दुसरा झाला.

"सुरेख!" मॅडम म्हणाल्या. "इतकं स्वच्छ काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं."

झटपटरावांना आनंदानं रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात वेटर ओरडला, "मॅडम, या खुर्च्यांना काय झालं?"

तीन खुर्च्यांची कव्हरं, दोन पडदे आणि भिंत. चिखलाचा माग काढत मॅडमची नजर थेट झटपटरावांवर येऊन थांबली.

"वळा," त्या म्हणाल्या.

ते वळले. पाठ आता बऱ्यापैकी स्वच्छ होती. तिच्यावरचं सगळं हॉटेलला लागलं होतं.

"माझंच आहे, मॅडम," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "येतो मी."

"येतो काय? रात्री इथं मोठी पार्टी आहे! आमच्या जुन्या लाँड्रीवाल्याला आज दिलं की परवा येतं. तुमच्या लाँड्रीचं नाव झटपटच ना?"

"हो."

"मग दाखवा झटपट! अंधार पडायच्या आत सगळं परत पाहिजे. ही धुलाई अर्थात फुकट. वेळेवर आणलंत, तर पुढचं सगळं काम तुमचं."

"आणि भिंत?"

"भिंत धुवायला नेता येत असेल तर न्या!"

पडदे-कव्हरांचा गठ्ठा छातीशी मावण्यातला नव्हता. तो मुकाट कॅरिअरवर चढला, आणि त्याच्या आडोशानं परतीच्या वाटेवर झटपटरावांच्या पाठीला एक शिंतोडा लागला नाही.

"मिळालं काम?" बायको दारातच उभी होती.

"संध्याकाळी हे परत दिलं की मिळालंच समज!"

"अगंबाई! पहिल्याच दिवशी एवढं!" ती हरखून गठ्ठा सोडू लागली. "पण काय हो, मोठ्या हॉटेलात माणसं इतकी घाणेरडी असतात?"

"असतो एखादा," झटपटराव दुसरीकडे बघत म्हणाले.

बायकोनं पडदा उजेडात धरला. कव्हर पाहिलं. मग नवऱ्याला हातानं वळवून त्याची पाठ पाहिली आणि पडदा पाठीला लावून बघितला. डागाची उंची बरोब्बर जुळली.

तिनं स्टूल घेऊन माळ्यावरचं मडगार्ड खाली काढलं, झटपटरावांना धरून पाटावर बसवलं आणि त्यांच्या हातात पाना दिला.

"चिखल वाळेपर्यंत मी या कपड्यांना हात लावणार नाही," ती म्हणाली. "तोवर बसून हे बसवा. संध्याकाळी परत त्याच रस्त्यानं जायचंय."