सदाकाकांची 'मैत्री'

सदाकाका गायकवाडांना काहीही विचारलं तरी ते लगेच उत्तर देत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून नव्हे. कान इतके तिखट आहेत, की मागच्या गल्लीतल्या कुकरमधलं पाणी आटत आलंय हे ते आपल्या ओट्यावर बसून सांगतात. ते तालाच्या मात्रा मोजत असतात. उजव्या हाताची बोटं मांडीवर सावकाश आपटतात आणि मगच तोंड उघडतं. "चहा घेणार का?" याचं उत्तर येईपर्यंत चहा निवलेला असतो.

एकदा कुणाच्या तरी खरेदीखताला साक्षीदार म्हणून ते कचेरीत गेले होते. साहेबांनी विचारलं, "सदानंद गायकवाड आपणच का?" काका मोजायला लागले. साहेबांनी चष्मा काढला, आधार कार्ड उजेडात धरलं, पुन्हा काकांकडं बघितलं. "व्हय," काका म्हणाले. पण तोवर शिपायाला दाराशी उभं राहायची खूण झाली होती.

दुसरी सवय म्हणजे 'जागा सोडा' हे दोन शब्द. त्यांचं म्हणणं असं, की दोन सुरांच्या मधे जागा सोडावी लागते. लोक ती उगाच भरून टाकतात. म्हणणं चांगलं आहे. फक्त आमच्या तालुक्यात ते जपून बोलायला हवं. बांधावरून भांडणारे दोन भाऊ मोठं माणूस म्हणून त्यांच्याकडं आले. काकांनी दोघांचं सगळं ऐकून घेतलं, मोजलं आणि म्हणाले, "दोघंबी जरा जागा सोडा." दोघं भाऊ एकदम उठले आणि त्यांनी एकमुखानं काकांना सुनावलं. तेव्हापासून त्या दोघांचं बरं चाललंय.

मी इंदापुरात त्यांच्या शेजारी राहते आणि हायस्कुलात भूगोल शिकवते. काका मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात पियानो वाजवायचे. लोक जेवायचे आणि हे कोपऱ्यात जॅझ वाजवायचे. तीसेक वर्षं वाजवलं, मग लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेला हा माणूस पियानो घेऊन गावी परत आला. मुंबईहून टेम्पो आला तो हमरस्त्यापर्यंतच. पुढं गल्लीपर्यंत पियानो उसाच्या ट्रॉलीतून, उसाच्या हिरव्या वाढ्यांच्या गादीवर बसून आला. बघायला सगळी गल्ली जमली. "पेटी हाय व्हय ही? मग भाता कुठाय?" असं एका आजोबांनी पाठीमागं जाऊन बघत विचारलं. भाता नसतो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. काकांना कुणीतरी फसवलंय, हे त्यांचं मत आजही कायम आहे.

मी एकदा विचारलं होतं, "काका, जॅझ म्हणजे नक्की काय?"

बोटं मांडीवर आपटली. "समजा मास्तरीणबाई, एसटी इंदापूरवरनं बारामतीला निघाली. रस्ता ठरल्याला. पण डायवरला वाटलं, आधी नरसिंहपूरला जाऊन संगम बघून यावा. तर जाऊ द्यायचं. मातर शेवटी बारामतीला पोचला पायजे."

"पण प्रवासी मधेच उतरून जातील की."

"जात्यात. म्हणून तर जॅझला गर्दी नसती."

मागच्या हिवाळ्यात काकांनी जाहीर केलं, की आपण अल्बम काढतोय. नाव 'मैत्री'. रविवारी विहारात वंदनेच्या वेळी बायका जे म्हणतात, सगळे जीव सुखी असोत, कुणी कुणाचा दुस्वास करू नये, त्या भावनेवर पियानो, व्हायोलिनं आणि गाणं. व्हायोलिनला बारामतीच्या भोसले मॅडम आणि त्यांच्या क्लासातल्या मुली. वालचंदनगरच्या स्टाफ क्वार्टर्समधून थॉमससाहेब, निवृत्त इंजिनिअर. ते चेलो वाजवतात. चेलो म्हणजे खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचं थोरलं व्हायोलिन. कोरसला विहारातल्या बायका. आणि मधली मुख्य गाणारी कोण, हे काका सांगेनात.

रेकॉर्डिंग काकांच्या घरातच होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावायच्या होत्या. अख्ख्या गल्लीतून गोधड्या जमल्या. पण थंडीचे दिवस, तेव्हा अंधार पडायच्या आत प्रत्येकाला आपापली गोधडी परत पाहिजे, या अटीवर. म्हणून सगळं काम दिवसाउजेडी उरकायचं ठरलं. आणि दिवसा म्हणजे उसाचे ट्रॅक्टर. हंगाम भरात होता. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं कपाटाएवढे स्पीकर. त्यांना थोपवायचं काम माझ्याकडं आलं. भूगोलाच्या शिक्षिकेला दिशा कळतात, असं काकांचं म्हणणं. मी वळणावर लाल ओढणी घेऊन उभी.

पहिल्याच ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि घाबरून विचारलं, "काय झालं बाई? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. आत गाणं चाललंय."

"मग आमचं बी चाललंयच की," तो स्पीकरकडं बोट दाखवून म्हणाला. पण त्यानं आवाज बंद केला. बिचारा बंद इंजिनावर ऊस चोखत बसून राहिला.

दुपारी कऱ्हाटीहून काकांच्या भाच्याच्या गाडीवर बसून तारा आक्का आली, तेव्हा मुख्य गायिकेचा उलगडा झाला. आक्का काकांची थोरली बहीण, कऱ्हाटीला दिलेली. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. आता सत्तरी उलटलेली, आणि कान जवळजवळ गेलेले. तिच्याशी बोलायचं तर तिच्या पुढ्यात बसून ओरडावं लागतं, आणि तरीही ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते.

आवाज मात्र असा, की मी वळणावरून दारापर्यंत आले. जाडसर, थोडा फाटका, पण सरळ आत शिरणारा. अडचण एवढीच, की आक्का तिला वाटेल तेव्हा सुरू करायची. व्हायोलिनं पुढं निघून जायची आणि आक्का मागं राहायची. मग व्हायोलिनं थांबली की आक्का पुढं. पुण्याहून मशीन घेऊन आलेला रेकॉर्डिंगवाला सारखं घड्याळ बघत होता. संध्याकाळी त्याला निघायचं होतं आणि गोधड्यांचे मालक ओट्यावर जमायला लागले होते.

शेवटी भोसले मॅडमनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "काका, राग मानू नका. आक्कांचा आवाज सुंदर आहे, पण त्यांना आमचं काही ऐकूच येत नाही. पुण्याची एक मुलगी आहे, छान गाते. तिच्याकडून हा भाग नंतर गाऊन घेऊ. नाहीतर अल्बम राहील."

"मग राहू द्या," काका म्हणाले.

काकांनी मात्रा मोजल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचं उत्तर प्रश्नाला चिकटून आलेलं ऐकलं. ते उठून अंगणात गेले आणि कुणीच कुणाकडं बघेना, म्हणून मी चहा टाकला.

आक्काला काय चाललंय ते कळलं नव्हतं. ती चुलीशेजारी बसावं तशी पियानोशेजारी जमिनीवर बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "मी म्हमईला गेल्ते सदाचं वाजवणं ऐकाया."

"हॉटेलात?" मी ओरडले.

"व्हय. भाकरी-चटणी बांधून गेल्ते. दारावरला माणूस म्हनला, असं लुगडं नेसून फुडनं जाता येत न्हाय. मग सदानं मला मागल्या दारानं न्हेलं. सैपाकघरात आचाऱ्यानं स्टूल दिलं. लई चांगला माणूस. त्येला मी चटणी दिली." ती हसली. मग काका बाहेर आहेत ना, हे बघून माझ्या कानाशी तोंड आणून, बहिरी माणसं बोलतात तसं सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तवा कान धड हुतं. तरी काय सुदिक ऐकू आलं न्हाय बग. निसती भांडी! सदाला म्हनलं, पोटभर ऐकलं. त्येला सांगू नगंस."

भोसले मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. थॉमससाहेब उगाचच चेलोच्या खुंट्या पिळायला लागले.

मी चहा घेऊन अंगणात गेले. काका बांधल्यासारखे उभे होते. सगळं ऐकलं असणारच. त्यांचे ते कान.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी कुण्या बड्या सायबाची पार्टी हुती. मॅनेजर म्हनला, हळू वाजव, लोकांना बोलायचंय. माझं मलाच ऐकू येत नव्हतं, तितं सैपाकघरात काय जाणार? ती भाईर आली आणि म्हनली, पोटभर ऐकलं. मी बी म्हनलं, बरं झालं." त्यांनी कपातला चहा एका घोटात संपवला. "कऱ्हाटीत समद्यांना सांगत फिरली, माझा सदा लई भारी वाजवतो. न ऐकता."

आत आल्यावर त्यांनी भोसले मॅडमना एवढंच सांगितलं, "आक्काला आपल्या मागनं आणायचं न्हाय. आपण तिच्या मागनं जायचं. ती थांबली की थांबायचं. तिच्या तोंडाकडं बघा, माझ्याकडं नको." मग त्यांनी आक्काला पियानोच्या मागच्या फळीला टेकवून बसवलं, पाठ अगदी लाकडाला लावून. काकांनी खालचे जाड सूर दाबले, तशी आक्का दचकली. तिनं मागं हात नेऊन फळी चाचपली.

"आरं सदा, हे पाठीत वाजतंय!"

तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. सगळे जीव सुखी असोत, जवळचे, लांबचे, दिसणारे, न दिसणारे. व्हायोलिनं तिच्या मागं मागं, दबकत निघाली. मधेच ती श्वासासाठी थांबली, बराच वेळ थांबली, आणि भोसले मॅडमचा हात हवेत तसाच राहिला. मग पुन्हा सगळं एकत्र उतरलं. वळणावर कुणी उभं नव्हतं, तरी ट्रॅक्टर आला नाही. किंवा आला असेल, मला समजलं नाही.

एकाच टेकमध्ये झालं. रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि वायरी गुंडाळायला लागला. गोधड्यांचे मालक आत घुसले, आपापली गोधडी ओळखून, झटकून घेऊन गेले. बारामतीकर आणि थॉमससाहेब एकाच गाडीत बसले. भाच्यानं दारात हॉर्न वाजवला, पण काकांनी त्याला हातानंच थांबवलं.

मी माझी गोधडी खिळ्यावरून काढत होते. काका पुन्हा पियानोवर बसले आणि वाजवायला लागले. हे अल्बममधलं नव्हतं. हलकंफुलकं, झुलत चालणारं, जेवणाऱ्या लोकांसाठी असावं असं एकामागून एक. पण वाजवत होते ते दणक्यात, फळी थरथरेल असं. आक्का पाठ टेकून, मांडीवर हात ठेवून बसली होती. मधेच मान डोलवत होती, मधेच उगाच हसत होती.

बऱ्याच वेळानं काकांनी हात उचलले. आक्कानं पियानोच्या कडेनं वाकून त्यांच्याकडं बघितलं.

"चांगलं वाजवतोस की रं," ती म्हणाली.

काका तिच्या पुढ्यात येऊन उकिडवे बसले आणि ओरडून म्हणाले, "आन् तवा?"

आक्कानं त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"तवा बी चांगलंच वाजवलं असशील."