इंग्रज तुरट, तुर्क खारट

जमिनीतून निघालेली गंजकी वस्तू जिभेला लावून ती कुठल्या फौजेची हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे गणपततात्या. "इंग्रज तुरट लागतो, तुर्क खारट," हे त्यांचं शास्त्र. आता समुद्रकाठची वस्तू खारट नाही तर काय श्रीखंडासारखी लागणार? पण तात्यांशी वाद घालायची कुणाची बिशाद!

सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आखातात अल रय्यानच्या कामगार कॅम्पात आम्ही एका खोलीत राहायचो. मी वसईचा, स्टोअरकीपर; तात्या साताऱ्याकडचे, पाइपफिटर. जमिनीखालचे पाइप शोधायचं यंत्र माझ्या स्टोअरमध्ये असे. शुक्रवार उजाडला की तात्या दारात हजर. "यल्ला, चला स्टोअरसाहेब, काढा तुमची म्हस!" लोखंड सापडलं की यंत्र हंबरायचं, म्हणून म्हैस.

मग पिकअपमधून समैस्माचा किनारा गाठायचा; त्या मुलखात कधीकाळी तुर्क आणि इंग्रज दोघांच्याही फौजा राहून गेलेल्या. तात्या म्हैस घेऊन पुढे, मी फावडं घेऊन मागे. सार्डिनच्या डब्याचं झाकण निघालं, की ती तुर्की सुभेदाराची तपकिरीची डबी. दाराची कडी निघाली, तर इंग्रजाच्या घोड्याचा लगाम. एकदा मी म्हटलं, "अहो, हा आपल्याच मेसचा चमचा!" तर म्हणाले, "तुमा वसईवाल्यांस्नी मासळीपल्याड काय कळतंय?"

कॅम्पात सगळे हसायचे. पण तात्यांच्या वडिलांचा विषय निघाला की कुणी हसत नसे. दुसऱ्या महायुद्धात वडील मराठा पलटणीबरोबर बसऱ्याच्या बोटीत बसले, तेव्हा तात्या पाळण्यात होते. बोट पोचलीच नाही. सरकारी कागदावर 'बेपत्ता', बस्स. बाप याच समुद्रात कुठंतरी गेला, त्याचं काहीतरी गावंल, म्हणून हा माणूस आठवड्याची एकुलती सुटी वाळूत घालवायचा. मला त्यांची फार माया वाटायची.

एका शुक्रवारी फावड्यावर पितळेचं बटण आलं. मी रुमालानं पुसलं. वर बिगूल, खाली इंग्रजीत 'मराठा' एवढी अक्षरं शाबूत.

"तात्या! अहो, आपली पलटण!"

तात्यांनी बटण तळहातावर घेतलं. जिभेला लावलं नाही. मूठ मिटली आणि म्हणाले, "तुर्काचं हाय."

"अहो, अक्षरं तरी बघा!"

"तुर्काचं हाय म्हनतोय न्हवं? खलास!"

आणि गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ते समुद्रात भिरकावलं.

मी चिडलोच. "इतकी वर्षं शोधताय, आणि गावल्यावर फेकता? कमाल आहे तुमची!"

तात्या पाण्यातच उभे होते. मागे वळले नाहीत.

"स्टोअरसाहेब, माजी आई अजून रोज सकाळी कपाळभर कुंकू लावती," ते म्हणाले. "ते आता पूस, असं मी कुठल्या तोंडानं सांगू तिला?"