आवाजाला ऊब

"झालं का हो?" बायकोने बंद दाराबाहेरून पुन्हा विचारलं.

"शू! टेप फिरतेय!"

लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीला तिच्या आवाजाचा नमुना पाच वाजेपर्यंत हवा होता. 'तिसरा मजला. दरवाजा बंद होत आहे. कृपया दारापासून दूर उभे राहा.' एवढंच बोलायचं होतं, आणि ते ती सकाळीच एका दमात बोलून मोकळी झाली होती. आवाज पसंत पडला, तर शहरभर लोक तिच्या सांगण्यावरून मागे सरकणार होते. घरात तिच्या सांगण्यावरून कुणी जागचं हलत नसल्याने या कामावर तिचा फार जीव होता.

पण नवऱ्याने मागच्या खोलीत स्टुडिओ काढला होता. स्टुडिओ म्हणजे कॉम्प्युटर, भिंतीला ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि नुकताच घेतलेला मोठ्या रिळांचा टेप रेकॉर्डर. नवऱ्याच्या मते कॉम्प्युटरमधला आवाज थंड असतो. तो एकदा टेपवर उतरवून परत कॉम्प्युटरमध्ये घेतला की त्याला ऊब येते.

तशी ती आली. पण सोबत टेपची खरखरही आली. खरखर कॉम्प्युटरने पुसून काढली, तर तिच्याबरोबर ऊबही गेली. म्हणून आवाज पुन्हा टेपवर. पुन्हा खरखर. दुपारभर बायकोचा आवाज असा सासर-माहेर करत राहिला.

त्यात एक भानगड होती. रेकॉर्डरमधला रबरी पट्टा तापला की सैल पडायचा. त्यामुळे आवाज भरताना टेप ज्या वेगाने फिरे, त्याहून जरा हळू तो वाजवताना फिरे. दर फेरीला आवाज किंचित लांबत होता, किंचित जाड होत होता. सतत कान लावून बसलेल्या माणसाला कळू नये, इतकाच.

आई चहा घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"कोण आलंय रे?"

"कुणी नाही."

"मग हे कोण बोलतायत?"

"आई, ती तुझी सून आहे."

'दारापासून दूर उभे राहा,' स्पीकर धीरगंभीरपणे म्हणाला. आई कपबशीसकट दोन पावलं मागे गेली.

"घसा बसलाय का रे तिचा?"

"याला ऊब म्हणतात, आई."

"बरं. गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांग."

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. "अहो, पाच वाजत आले! असेल तसं पाठवा!"

"एकच फेरी राहिलीय."

"तुमच्या फेऱ्यांपायी माझं काम जाईल!"

नवऱ्याने नाइलाजाने नमुना पाठवला, दार उघडलं आणि कौतुकाने तिला ऐकवला.

"हे कोण?"

"तू."

"मी? हे तर कुणी रिटायर्ड जज्ज वाटतायत!"

भांडायला वेळ नव्हता. तिने मोबाइल उचलला, फ्रिजला टेकून तेच पुन्हा बोलली आणि पाचच्या आत तोही नमुना पाठवून दिला.

पुढचे दोन दिवस घरात कुणी धड बसलं नाही. ती फोनभोवती घिरट्या घालत होती आणि नवरा तिच्यापासून सुरक्षित अंतर ठेवून घिरट्या घालत होता. अखेर फोन आला. तिने स्पीकर चालू केला.

"मॅडम, तुमच्याकडून दोन नमुने आलेत."

"हो, दुसरा माझा."

"छान आहे हो. अगदी स्वच्छ." नवऱ्याचा चेहरा पडला. "पण साहेबांना पहिला पसंत पडला. तो ऐकला की माणूस आपोआप मागे होतो. कोण ते? थोरले बंधू का तुमचे?"

नवऱ्याने तोंड उघडलं. तिने डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

"हो," ती म्हणाली. "दादा."

"मग उद्या दादांना पाठवाल का? सगळे मजले बोलून घ्यायचेत."

"दादा एकटे कुठे जात नाहीत. मी बरोबर लागते."

"या ना! दादांसाठी काही व्यवस्था करून ठेवू का? आरामखुर्ची वगैरे?"

तिने मागच्या खोलीकडे एक नजर टाकली.

"खुर्ची नको," ती म्हणाली. "टेबल ठेवा, मजबूत. आणि जवळपास प्लग."