वर्नामावशीच्या कार्डावरचा आठवा माणूस

ज्याच्यावर आजवर कुणीही पैशांचा विश्वास टाकलेला नाही, त्याच्यावर आपणही टाकू नये, हे बँकिंगचं मूळ तत्त्व आहे आणि ते मला पूर्णपणे पटतं. (पटायला वयाची एकावन्न वर्षं लागली. त्याआधी मी रोखीने जगत होतो.)

मी अमेरिकेतल्या टोलेडोत ॲकॉर्डियन दुरुस्त करतो. आमच्या पोलिश वस्तीत ॲकॉर्डियनवर पोल्का नाचाची धून वाजल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे धंदा बरा चालतो. गिऱ्हाईक रोख देतं, मी रोख खर्च करतो, उरेल ते साठवतो. श्रीमती हॅलोरन यांच्या घरात चौदा वर्षं भाड्याने राहिलो, गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटलं आणि एकशे अडुसष्ट महिने एक तारखेला भाडं दिलं. मला याचा अभिमान होता. आता सांगायलाही लाज वाटते.

मग एके दिवशी हॅलोरनबाई दारात आल्या. "अहो, मी चालले फ्लोरिडाला. या थंडीने गुडघे कामातून गेले माझे. घर काढतेय विकायला. पहिला हक्क तुमचा, साठ दिवस थांबते. पण तिकडच्या घराचे पैसे भरायचेत हो मला, एकसष्टावा दिवस नाही जमायचा."

मला ते घर हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. दिवसभर चाललेलं बेसूर भोंगाट चौदा वर्षं ऐकून एकदाही भिंत न ठोकणारे शेजारी दुसरीकडे कुठे मिळणार?

बँकेत ट्रेंट नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे काळजीने पाहिलं.

"सर, तुमच्यावर कधी कर्ज होतं?"

"कधीच नाही," मी छाती फुगवून म्हणालो.

"अरेरे," ट्रेंट म्हणाला. "क्रेडिट कार्ड? गाडीचा हप्ता? निदान एखादा सोफा तरी हप्त्यांवर?"

"सोफा भावाने दिला."

"मग तुम्हाला पत मोजणारा आकडाच नाही, सर. कमी आहे असं नव्हे, नाहीच. आणि आम्हाला किमान सहाशे ऐंशी लागतो."

मी भाड्याच्या चौदा वर्षांच्या पावत्या पुढे केल्या. त्याने त्या आदराने सारख्या करून मला परत दिल्या. भाडं वेळेवर देणं ही चांगली सवय आहे, पण ती मोजण्यात येत नाही, असं त्याने मला समजावलं.

इथे आमच्या व्यवस्थेची थोरवी सांगणं भाग आहे. अमेरिकेत वृद्धांना मान नाही, अशी परदेशी पाहुण्यांची तक्रार असते. ती निराधार आहे. वृद्ध माणसाला मान नसेल, वृद्ध खात्याला आहे. खातं जितकं जुनं तितका आकडा वर. शिवाय जुनं खातं आपलंच असायला हवं असंही नाही. कुणी आपल्याला त्यावर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चढवलं की खात्याचं सगळं वय आपल्या नावापुढे लागतं, मग कार्ड आपण डोळ्यांनी पाहिलेलं नसलं तरी चालतं. (पुण्य असं एका फॉर्मवर दुसऱ्याला देण्याची सोय कुठल्याही धर्माने अजून केलेली नाही.)

आमच्या घराण्यात असं तीर्थस्थान म्हणजे वर्नामावशी. वय चौऱ्याऐंशी. कार्ड एकोणीसशे शहात्तर सालचं, मर्यादा तीन हजार डॉलर. त्यावर ती वर्षातून एकदा पाखरांसाठी दाणे घेते आणि बिल हातात पडताच चेक पाठवते. तिने सात भाचरं कार्डावर घेतली आहेत. त्यांची कार्डं ती पिठाच्या डब्यात ठेवते, कुणाला देत नाही. प्रवेश गुणवत्तेनुसार: बर्फ ओढणे, पन्हाळी साफ करणे, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तिच्या शेजारी बसून तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया पुन्हा ऐकणे. भाची डार्ला एका वर्षी विकतचा ॲपल पाय घेऊन आली. मावशीने फक्त बँकेला फोन लावला. पुढच्याच महिन्यात डार्लाचा आकडा चाळीसने उतरला.

मी गेलो, पन्हाळी साफ केली, पित्ताशय दोनदा ऐकलं.

"गाढवा," मावशी म्हणाली, "पन्नाशी उलटली तरी एक कर्ज काढता आलं नाही तुला? तुझी आई असती तर काय वाटलं असतं तिला?"

"चुकलं मावशी."

"बस. फोन दे इकडे."

पुढच्या महिन्यात माझा आकडा उगवला, सातशे चव्वेचाळीस. मी तोच माणूस होतो, शर्टही तोच होता, पण ट्रेंट उठून उभा राहिला. त्याने मला कॉफी विचारली. कर्ज तत्त्वतः मंजूर झालं. (मी घरी येऊन आरशासमोर सातशे चव्वेचाळीसवाल्यासारखा उभा राहून पाहिलं. खांदे आपोआप मागे जातात.)

मी आनंदाने मावशीला फोन केला. तीच माझी चूक.

मावशी हळवी झाली. भाचा घराचा मालक होणार! मालक म्हटलं की पुढे हिरवळ आली, हिरवळ आली की ती कापणं आलं, आणि आमच्याकडे इभ्रतीचा माणूस हिरवळ मशीनवर बसून कापतो. तिने अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दाण्यांखेरीज कशासाठी तरी कार्ड हातात घेतलं आणि मला लाल रंगाचं, कप ठेवायला खाच असलेलं, बसून चालवायचं मशीन घेतलं. किंमत दोन हजार आठशे ऐंशी डॉलर. ट्रकमधून ते उतरलं तेव्हा मला खरंच रडू आलं. माझ्यासाठी एवढं कधी कुणी केलं नव्हतं.

तीन हजारांच्या कार्डावर दोन हजार आठशे ऐंशी, म्हणजे शहाण्णव टक्के कार्ड भरलं. हे संकटात सापडलेल्या माणसाचं लक्षण आहे, असं व्यवस्थेने ओळखलं आणि सावधगिरी म्हणून आठही जणांना खाली आणलं. इतरांची स्वतःची खाती होती, ते निभावले. माझं तेवढंच एक खातं होतं. सह्यांच्या चार दिवस आधी बँकेने पुन्हा पाहिलं, तर सहाशे बारा.

मी धावत जाऊन बिल फेडलं. "उत्तम केलंत," ट्रेंट खुर्चीतूनच म्हणाला. "पुढच्या महिन्यात दिसेल ते."

"साठावा दिवस शुक्रवारी आहे हो!"

"माझ्या हातात काही नाही, सर."

घर एका गृहस्थांनी घेतलं. त्यांच्यावर सहा कार्डं, दोन गाड्या आणि एक बोट यांचं कर्ज आहे. आकडा सातशे एक्क्याण्णव. हॅलोरनबाई मला मिठी मारून रडल्या आणि विमानात बसल्या. मी आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथे वाद्यांना बंदी आहे, त्यामुळे मी आणि एकोणीस ॲकॉर्डियन गप्प बसून असतो. मशीन खाली पार्किंगमध्ये आहे, त्याचं भाडं मी दर एक तारखेला भरतो. दर रविवारी मावशी विचारते, "हिरवळ कशी आहे रे?" मी म्हणतो, "छान आहे मावशी." तिला खरं सांगायचं धैर्य मला होत नाही.

तुम्हाला माझी दया आली असेल. माणसाकडे न पाहता नुसता आकडा पाहणारी ही कसली बँक, असं म्हणून तुम्ही चुकचुकलाही असाल. आभारी आहे. फक्त एवढं सांगा, माझं नाव काय? मी ते सांगितलेलं नाही, आणि इथवर येईपर्यंत तुमचं त्यावाचून काही अडलंही नाही. आकडा मात्र तुम्हाला पाठ आहे.