बसण्णांची भरलेली टाकी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी सहाला कुणी तुमची स्कूटर धरून गदागदा हलवताना दिसलं, तर चोर म्हणून ओरडू नका. ते बसण्णा असतात. स्कूटर हलवायची, टाकीला कान लावायचा आणि आत पेट्रोल किती उरलंय ते आवाजावरून ओळखायचं. अंघोळ, विभूती, पूजा आणि मग ही तपासणी, असा त्यांचा नेम. माझी स्कूटर बहुतेक नापासच होते.

"बाई, लई हलकं वाजतंय की! अर्धी टाकी म्हणजे रिकामीच!"

"अहो बसण्णा, माझी शाळा दीड किलोमीटरवर आहे."

"आन् वळसा पडला तर?"

जणू दीड किलोमीटरला वळसा घालून मी विजापूरमार्गे शाळेत जाणार आहे.

बसण्णांचं चादरींचं दुकान होतं. ते पुतण्याकडं सोपवून आता ते पूर्णवेळ काळजी करतात. त्यांच्याकडं एक जुनी पांढरी गाडी आहे. तिचा काटा 'फुल'वरून केसभर खाली आला की यांचा जीव वरखाली होतो, आणि गाडी पंपावर. एकदा मी सोबत होते. दीड लिटर गेलं आणि नळी टक् करून बंद पडली.

"अण्णा, आता जागाच न्हाय," पंपावरची बाई म्हणाली.

"मग हलवून घाल की!" म्हणत बसण्णा उतरले आणि पोत्यात ज्वारी बसवावी तशी गाडी दोन्ही हातांनी हलवू लागले. मागं रांग लागली होती. मी ओळख नसल्यासारखी दुसरीकडं बघत राहिले.

एसीचं तर नावच काढायचं नाही. एसी लावला की त्यांना गाडी पेट्रोल पिताना ऐकू येते. सोलापूरच्या उन्हात चारी काचा खाली घेऊन आम्ही भाजत जायचं. आमचं गाव परातीसारखं सपाट, पण बसण्णांना तिथंही उतार सापडतात. सापडला की गाडी न्यूट्रलवर.

गंमत अशी की इतकी भरलेली गाडी गावाबाहेर जायची कुठं, तर कुठंच नाही. दर महिन्याला त्यांच्या बायको, गिरिजाकाकू, पिशवी घेऊन स्टँडवर जायच्या आणि एसटीनं सांगोल्याला जाऊन यायच्या. गाडी टाकी भरून दारात उभी.

सांगोल्याला त्यांची एकुलती एक मुलगी, सुवर्णा. माझ्याच गणिताच्या वर्गातली विद्यार्थिनी. चार वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या जातीतल्या, डाळिंबाचा व्यापार करणाऱ्या मुलाशी स्वतःच्या मनानं लग्न केलं. तेव्हा बसण्णांनी भर गल्लीत जाहीर केलं की या घराचं दार तुला बंद. एकदा मराठीत आणि एकदा कानडीत, म्हणजे कुणाचं ऐकायचं राहू नये. आणि खरंच दार लावून घेतलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही.

या मे महिन्यात काकू पाय घसरून पडल्या. पायाला प्लास्टर. आणि आठवड्यानं सुवर्णाच्या मुलीचं बारसं. काकूंनी सोफ्यावरूनच हुकूम सोडला, "हे लोढणं घेऊन मी एसटीत चढणार न्हाई. गाडी काढा."

"दारात सोडतो," बसण्णा म्हणाले. "आत येणार न्हाई."

काकूंना उचलायला म्हणून मला घेतलं. त्या मागच्या सीटवर पाय पसरून, मी पुढं. निघताना पेट्रोल भरलं. मंगळवेढ्यात पुन्हा भरलं. तिथून दहाबारा किलोमीटर गेल्यावर बसण्णांनी अचानक गाडी एका बाभळीखाली घेतली आणि बंद केली.

"पुरणार न्हाई."

मी वाकून बघितलं. काटा ताठ 'फुल'वर. "बसण्णा, आत्ता तर भरलं!"

"जायला पुरंल. परत यायला न्हाई पुरायचं."

मी लिटर आणि किलोमीटरचा हिशेब मांडणार होते, तेवढ्यात त्यांचे हात दिसले. चावी काढून दोन्ही मुठींत आवळून धरलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी गणित तोंडातच ठेवलं.

"न्हाई पुरलं तर राहू की तितंच," मागून काकू म्हणाल्या.

बसण्णांनी काट्यावरची काच अंगठ्यानं पुसली. मग अगदी हळू म्हणाले, "आन् तिनं दार लावून घेतलं तर, गिरिजा? मी लावलं तसं?"

"माझी पोरगी हाय ती," काकू म्हणाल्या. "तुमच्यावर गेली असती तर लावलं असतं. चला, बारसं बाराला हाय."

बसण्णांनी गाडी सुरू केली.

सुवर्णा बाळ घेऊन दारातच उभी होती. मी उतरले, काकूंचा पाय बाहेर काढायला लागले. बसण्णा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नाकासमोर बघत बसलेले, इंजिन चालूच. काकू उतरल्या की पळणार, हे उघड होतं. ते सुवर्णालाही कळलं असावं. ती सरळ त्यांच्या खिडकीशी आली, बाळ आत त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि वळून आईला धरायला आली.

आता मांडीवर तान्हं बाळ घेऊन माणूस गाडी कशी हाकणार? बसण्णा इकडं बघतात, तिकडं बघतात, बाळ त्यांच्या शर्टाचं बटण धरून बसलेलं. शेवटी त्यांनी एका हातानं चावी फिरवली, कोपरानं दार उघडलं आणि काचेचं सामान उतरवावं तसे इंचाइंचानं खाली उतरले.

बारसं झालं. पाळण्यापुरतं बाळ त्यांनी सोडलं, मग परत मागून घेतलं. पंगतीतही ते डाव्या हातावर बाळ घेऊनच माझ्या शेजारी बसले. सुवर्णा स्वतः वाढायला आली. आधी हुग्गी वाढली, त्यांच्या घरची, गुळात शिजवलेली गव्हाची खीर. बसण्णांनी एक घास घेतला आणि मान खाली घातली, ती वर करेनात. नाकाचं पाणी थांबेना.

सुवर्णा वाकून म्हणाली, "अप्पा, तिखट लागलं का?"

"लई," बसण्णा म्हणाले.

त्यांच्या ताटात अजून दुसरं काहीच वाढलेलं नव्हतं.