पाचवा तुकडा

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या सोनवणेकाकांच्या कचऱ्याला चिठ्ठी असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची मला पाठ आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं, वर लाल पेनाने: 'काचेचा ग्लास, फुटलेला. तुकडे पाच. चार आत आहेत. पाचवा फ्रिजखाली असावा. शोध चालू.'

काका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी खात्यात होते. लेबल नसलेल्या ड्रमला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. कारखाना सुटला, लेबलं सुटली नाहीत. लग्न केलं नाही. "राहून गेलं," असं ते कपडे इस्त्रीला द्यायचे राहून गेल्यासारखं सांगतात. घरात एका जागी बसत नाहीत. संपलेल्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लाव, जुन्या ब्लेडचा डबा बंद कर, असं काहीतरी चालूच. आमच्याकडे सेल संपला की तो दातांनी चावून पुन्हा रिमोटमध्ये घालतात, यावरून माझी लायकी ओळखा. एकदा मी बायकोने दिलेले मोदक घेऊन गेलो, तर दारातच म्हणाले, "आधी मटेरियल सांगा."

कचरा न्यायला सुनंदाताई येतात. साडेसातला वरून सुरुवात, शेवट काकांच्या दारात. तिथे त्या चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या.

"शोध चालू? पोलिसांना बोलवू का, काका?"

"हसा. तो तुकडा तुमच्याच बोटाची वाट बघत असेल."

अशी दहा मिनिटं. त्यानंतर दिवसभर काकांच्या दाराची बेल मी तरी वाजलेली ऐकली नाही.

दसऱ्याला मी पराक्रम केला. तोरणासाठी खिळा ठोकायला स्टुलावर चढलो आणि हातोडीचा दांडा मागच्या ट्यूबलाइटला लागला. ट्यूबमध्ये पारा असतो, तेव्हा खिडक्या उघडा, पंखा बंद करा, झाडू फिरवू नका, तुकडे पुठ्ठ्याने उचलून खोक्यात बंद करा, हे काकांनी मला निदान सहा वेळा सांगितलं होतं. मी पंखा फुल केला, झाडूने सगळं गोळा केलं आणि पिशवीत घालून कोथिंबिरीच्या देठांखाली दडपलं.

"अहो, खाली काकांना विचारा तरी," बायको म्हणाली.

"सणाच्या दिवशी लेक्चर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाच्या खोलीपाशी सुनंदाताई कचरा वेगळा करत होत्या. "आई गं" ऐकू आलं आणि आम्ही सात-आठ जण खाली धावलो. तळहात चांगलाच कापला होता. काका पट्टी घेऊन आधीच पोचले होते.

"कोणाची ट्यूब आहे ही?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कोणीतरी म्हणालं, यांनी ग्लोव्हज घालायला नकोत का. मी पंपाकडे बघत राहिलो. इतक्या बारकाईने मी आजवर कुठलाच पंप पाहिलेला नाही. काकांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ.

"माझं मटेरियल," ते म्हणाले. "चिठ्ठी लावायची राहिली."

सुनंदाताईंनी मान वर केली. "तुम्ही पण, काका?"

काकांनीच त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. आठवड्याने त्या कामावर आल्या. काकांची पिशवी उचलायच्या, चिठ्ठी न वाचता चुरगळायच्या आणि जायच्या.

माझं घरात मन लागेना. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की खाली जावंसं, आणि पहिल्या मजल्यावरून परत फिरायचो. शेवटी एका संध्याकाळी पोचलो.

"काका, ती ट्यूब..."

"पिशवीची गाठ तुमची होती. तुम्ही दोनदा मारता, वर आणखी एक."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

काका उठले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. वीसपर्यंत मोजलं. ट्यूब कोणाचीच नाही असं सुनंदाताईंना कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणाच्या भरवशावर पिशवीत हात घातला असता?"

निघताना दारातली पिशवी दिसली. 'सुका कचरा. दुधाच्या पिशव्या, धुतलेल्या. सुनंदाताई, हात कसा आहे?'

घरी येऊन मी लाल पेन शोधलं. चार कागद फाडले. बायको म्हणाली, "मला पत्र लिहिताना एवढा घाम नव्हता आला तुम्हाला." पाचव्या कागदावर उतरलं: 'ओला कचरा. काच नाही. ती ट्यूब माझी होती. काका खोटं बोलले. परब, तिसरा मजला.'

सकाळी पिशवी बाहेर ठेवून मी दाराच्या भोकाला डोळा लावला. सुनंदाताईंनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग बेल वाजवली.

"तोंडाने सांगायला काय झालेलं, भाऊ?"

"हिंमत नव्हती."

"पुढच्या वेळी काच फुटेल तेव्हा लिहा. हात कापल्यावर वाचून काय करू?"

चिठ्ठी घडी करून त्यांनी कमरेला खोचली. त्या खाली गेल्या, आणि मी चोरासारखा मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत. काका दारातच होते, नजर पिशवीवर. सुनंदाताई पिशवी न उचलता उभ्या राहिल्या.

"काका, तो पाचवा तुकडा मिळाला का?"

काका आत गेले. बाहेर आले ते हातात सुपारीएवढी पुडी घेऊन. वर लाल अक्षरं होती, कडा हाताळून मळलेल्या.

"दसऱ्यालाच मिळाला," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्ही विचाराल."